बियांपासून डोंगरफुले



व्याख्यानमालेचा विषय भारदस्त असावा, अशी आपली सर्वांची समजूत असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तेव्हापासून राज्यकारभार, समाजसुधारणा, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांनाच या व्यासपीठावर मान. आजचा विषय त्या मानाने मोहरीएवढा आहे. खरे म्हणजे मोहरीहूनही लहान. डोंगरमाथ्यावर उघड्या कातळात उगवणारी फुले घरच्या कुंडीत बियांपासून वाढवायची, आणि या खटाटोपात माणसाला रोजच्या रोज जे बारीकसारीक आनंद लाभतात ते वेचायचे, एवढाच हा विषय. मात्र या लहान विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. तो ओघाने पुढे येईल.

प्रथम हा छंद कुठला ते पाहू. युरोपातल्या आल्प्स पर्वतावरून अशा वनस्पतींना तिकडे ‘अल्पाइन’ म्हणू लागले. डोंगर चढता चढता एक उंची अशी येते की, तिच्यावर वृक्ष वाढू शकत नाहीत. तिथून वर, कायमच्या बर्फाच्या हद्दीपर्यंत, जी बुटकी, जमिनीला बिलगून राहणारी झाडे वाढतात ती अल्पाइन. इंग्लंडात या छंदाला इतके वेड लागले की, १९२९ साली ‘अल्पाइन गार्डन सोसायटी’ स्थापन झाली, आणि चारच वर्षांनी स्कॉटलंडातही तशीच मंडळी एकत्र आली. या मंडळींचा मुख्य व्यवहार बियांचा. प्रत्येकाने आपल्या बागेतले बी जमा करायचे, पुड्या बांधायच्या, आणि दुसऱ्याच्या पुड्या आपण घ्यायच्या. आपल्या हिमालयानेही त्यांना पुष्कळ पुरवले. फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक १९३१ साली गढवालातल्या एका फुललेल्या खोऱ्यात उतरला, आणि पुढे १९३८ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. आज आपण तिला ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणतो.

आता कोणी म्हणेल, कागलात बर्फ कुठला? दूधगंगेच्या काठी, उसाच्या फडांत आणि काळ्या रानात या गोष्टीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पन्हाळ्याइतका जवळचा आहे. पन्हाळ्याशेजारचे मसाईचे पठार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. साताऱ्याजवळचे कासचे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत घातली, त्यांत कास आहे. ही सगळी जांभ्याची पठारे. गावकरी त्यांना सडा म्हणतात. कातळावर कुठे बोटभर, तर कुठे वीतभर माती. जून ते सप्टेंबर असा पाऊस की, वाफसाच नाही. त्यानंतर आठ महिने असे ऊन की, कातळावर अनवाणी पाय ठरत नाही. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरायला जागा नाही. म्हणून तिथेही आल्प्ससारखीच बुटकी, घाईने फुलणारी, घाईने बी धरणारी वनस्पती नांदते: सोनकी, तेरडा, गेंद, ‘सीतेची आसवे’ म्हणतात ती निळी इवली फुले, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारा दवबिंदू, आणि कंदीलपुष्पे. अल्पाइन हा शब्द शास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांना लागू नाही. पण त्यांचा संसार त्याच जातीचा आहे.

या दोन्ही ठिकाणच्या बियांत एक गमतीचे साम्य आहे. हिमालयातले बी शरदात जमिनीवर पडते. ते लगेच रुजले तर पुढच्या हिवाळ्यात कोवळे रोप गोठून मरेल. म्हणून ते झोपते, आणि थंडी येऊन गेल्याची खात्री पटल्यावरच डोळे उघडते. सड्यावरचे बी दिवाळीच्या सुमारास पडते. एखाद्या अवकाळी सरीला ते भुलले, तर पुढच्या उन्हात रोप करपेल. म्हणून तेही झोपते. मात्र ते वाट पाहते उन्हाळा संपण्याची. एकाला थंडीचा हिशेब, दुसऱ्याला उन्हाचा. यालाच शास्त्रज्ञ बियांची सुप्तावस्था म्हणतात. बियांत एक द्रव्य निजवण्याचे काम करते आणि दुसरे उठवण्याचे. थंडीचे किंवा कोरड्या उन्हाचे दिवस जसजसे जातात, तसतसा पहिल्याचा जोर कमी होतो आणि दुसऱ्याचा वाढतो. इंग्लंडातला बागवान आपल्या कुंड्या मुद्दाम बर्फात ठेवतो. आपल्याकडे कोणाला हिमालयाचे बी मिळालेच, तर ते ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी, सहा-आठ आठवडे ठेवावे लागते. घरातल्या मंडळींनी ती डबी चुकून बाहेर टाकू नये म्हणून तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. सड्यावरच्या बियांना फ्रिज नको. कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी, उन्हाळा काढू दिला की पुष्कळांचे काम होते.

हा धीर किती असू शकतो याचे एक नामी उदाहरण अमेरिकेतले आहे. मिशिगनच्या कृषी महाविद्यालयातल्या विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ साली वीस बाटल्यांत वाळू आणि वीसेक जातींच्या तणांचे बी भरले, आणि त्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि किती बी जिवंत आहे ते पाहायचे, असा हा प्रयोग. आधी पाच, मग दहा, मग वीस वर्षांचे अंतर ठेवले गेले. बील गेला, त्याचे शिष्य गेले. बाटल्यांची जागा एका पिढीने दुसरीला सांगितली. २०२१ साली पहाटेच्या अंधारात, बियांवर उजेड पडू नये म्हणून, एक बाटली काढली, आणि १४२ वर्षांनंतर काही बी रुजले. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

अंधारात का काढली, हेही समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळ बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. बी लहान म्हणजे त्याची शिदोरी लहान. ते खोल रुजले तर वर येण्यापूर्वीच शिदोरी संपेल. म्हणून उजेड दिसला, तरच ते उठते. १९५२ साली अमेरिकेत बोर्थविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या, म्हणजे लेट्यूसच्या, बियांवर दाखवले की, तांबड्या प्रकाशाने बी जागे होते आणि त्यापलीकडच्या गडद तांबड्या प्रकाशाने पुन्हा निजते. याचा व्यवहारातला अर्थ मोठा सुंदर आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि त्यापलीकडचा प्रकाश खाली झिरपू देते. तेव्हा डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे की मोकळे आभाळ, हे त्या कणभर बियाला कळते. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरीही डोक्यावर कोण उभे आहे याची जाण आहे!

आता प्रत्यक्ष पेरणीकडे वळू. या बाबतीत आपल्या भागाला साहेबाकडून शिकण्याची फारशी गरज नाही. शेजारच्या निपाणी भागातल्या तंबाखूच्या शेतकऱ्याला विचारा. तंबाखूचे बी इतके बारीक की, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक भरते. तो ते नुसते फेकत नाही. बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून सारखे पसरतो, वर मातीचा थर देत नाही, आणि पाणी झारीने हळुवार घालतो. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताच्या तरव्याची जागा आधी भाजून घेतात; त्यामुळे तणाचे बी जळते आणि राख मिळते. डोंगरफुलांच्या कुंडीला हेच शहाणपण लागते. काळी माती मात्र इथे कामाची नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. जांभ्याचा चाळलेला मुरूम, धुतलेली वाळू आणि थोडे कुजलेले पालापाचोळ्याचे खत, असे मिश्रण करावे. पसरट कुंडी घ्यावी. बी वर शिंपडून बारीक खडीची नुसती झिलई द्यावी. पाणी वरून ओतू नये. कुंडी परातीत ठेवून खालून शोषू द्यावे. आणि दाट पेरू नये, कारण दाट रोपांत ओल कोंडते, बुरशी शिरते, आणि एका रात्रीत सगळी रोपे माना टाकून कोलमडतात.

इतके केल्यावर बागवानाच्या हाती काय उरते? वाट पाहणे. आणि इथूनच आनंदाला सुरुवात होते.

पहिला आनंद रोज सकाळी चहाच्या आधी कुंडीशी जाण्याचा. काही दिसणार नाही हे ठाऊक असते, तरीही जायचे. चष्मा लावून, वाकून, खड्यांच्या मधल्या फटी पाहायच्या. असे दहा दिवस जातात, वीस जातात. मग एके सकाळी एक खडा किंचित उचललेला दिसतो. खाली एक पांढरट आकडा मातीतून पाठ काढून उभा असतो. दुपारपर्यंत तो सरळ होतो आणि दोन इवली पाने उघडतो. या पानांना दलिका म्हणतात. ती बियातूनच तयार होऊन आलेली असतात, आणि पुष्कळ झाडांची ती दिसायला सारखीच असतात. त्यांवरून जात ओळखता येत नाही. खरी ओळख पटते ती त्यांच्या मधून येणाऱ्या तिसऱ्या पानावरून. या दोन टप्प्यांच्या मध्ये जो आठवडा जातो, तो कोणत्याही रहस्यकथेला हरवील असा असतो. कुंडीवरची पाटी म्हणते सोनकी. पण उगवले आहे ते काय? पुष्कळ बागवानांनी महिनाभर डोळ्यांत तेल घालून जे जपले, ते अखेर घोळीचे किंवा दुधीचे तण निघालेले असते. यात कुणी फार वाईट वाटून घेत नाही. आपण तणाकडेही इतक्या प्रेमाने कधी पाहिले नव्हते, एवढा नफा पदरी पडतोच.

दुसरा आनंद ओळखीचा. तेरड्याचेच घ्या. गौरीच्या दिवसांत आपल्या आयाबहिणी पाणवठ्यावरून तेरड्याची रोपे गौर म्हणून घरी आणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणही आपल्या तोंडी आहे. पण तेरडा बियांपासून वाढवलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पिकलेल्या शेंगेला नुसते बोट लावले की, तिच्या पाचही फाका झटक्याने आत वळतात आणि बी टपटप उडते. घरात लहान मूल असेल, तर या एका खेळापायी ते रोज कुंडीपाशी येईल, आणि पुढच्या पावसाळ्यात वाटेतल्या फरश्यांच्या फटींत तेरडा उगवेल. नव्या माणसाने सुरुवात तेरड्यापासूनच करावी. तो कुणाला निराश करीत नाही, आणि त्याचे बी आणायला सड्यावर जावे लागत नाही. बांधावर, ओढ्याकाठी ते सापडते.

तिसरा आनंद परत येण्याचा, आणि तो शिकवतात कंदीलपुष्पे. यांचे शास्त्रीय नाव सिरोपेजिया. लिनियसने ते १७५३ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचे कारंजे असा होतो. आपल्याकडे खरपुडी, हमण अशी नावे आहेत. फूल कंदिलासारखे, तळाशी फुगीर, वर नळी. तिच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाला भुलून बारीक माशी आत उतरते, आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. ती कैदेत राहते, फुलाचे परागीकरण होते, मग केस कोमेजतात आणि माशीची सुटका होते. पुढे शिंगांच्या जोडीसारख्या दोन शेंगा धरतात. त्या उकलल्या की, आपल्या रुईच्या ‘म्हाताऱ्या’ उडतात तशीच रेशमी शेपटीची बिया बाहेर पडतात. रुई आणि कंदीलपुष्प एकाच कुळातली.

हे बी ताजे पेरले तर बहुधा फार दिवस ताटकळत ठेवत नाही. पहिल्या वर्षी दोन-चार पाने येतात, जमिनीखाली वाटाण्याएवढा कंद धरतो, आणि पाऊस सरला की सगळे वाळून नाहीसे होते. नवखा माणूस समजतो, मेले. कुंडी उपडी करण्याचा मोह होतो. जुना बागवान कुंडी सावलीत सरकवतो आणि तिच्याकडे पाठ करतो. मग वैशाखात वळीव येतो, मातीचा वास सुटतो, आणि मृगाच्या आसपास त्या कोरड्या मातीतून पुन्हा टोक वर येते. वर्षभर रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला जपल्याचे ते बक्षीस. पहिले फूल पाहायला आणखी एखाद-दोन पावसाळे लागतात, आणि तोपर्यंत ते झाड घरातलेच एक माणूस झालेले असते.

आता मघाशी म्हटलेला मोठा प्रश्न. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती जगात फक्त आपल्याच सह्याद्रीत आणि सड्यांवर आहेत, आणि त्यांतल्या काही मोजक्याच जागी उरल्या आहेत. त्यांचे कंद गुराख्यांची पोरे खणून खातात, हे जुनेच. पण गुराख्याच्या पोराने पोटासाठी काढलेला कंद आणि हौशी माणसाने मोटारीतून येऊन खुरप्याने काढलेला कंद, यांत फरक आहे. दुसऱ्याने नेलेला कंद शहरातल्या कुंडीत बहुधा एक-दोन वर्षांत कुजतो, आणि सड्यावरचे खड्डे तेवढे उरतात. कासचे पठार मुख्यतः राखीव वनात येते. तिथून फूल, बी वा कंद उचलणे कायद्याने गुन्हा आहे. इतर सड्यांवर पाटी नसेल. पण पाटी नाही म्हणून हात मोकळा झाला असे होत नाही.

इथे बियांचा मार्ग वेगळा ठरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, म्हणजे आपल्या दारातच, डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मिळ कंदीलपुष्पांचा अभ्यास केला, काही नव्या जाती प्रकाशात आणल्या, आणि विद्यापीठाच्या वनस्पति-उद्यानात त्यांची जोपासना केली. अशा उद्यानात वाढलेल्या एका झाडाच्या दोन शेंगांतून जे बी मिळते, त्यासाठी सड्यावरच्या एकाही झाडाला हात लावावा लागत नाही. शिवाय कंदाचे तुकडे करून वाढवलेली झाडे म्हणजे एकाच झाडाच्या नकला. बियांपासून झालेले प्रत्येक रोप भावंडांहून थोडे निराळे असते. एखादे रोगाला टिकते, एखादे उन्हाला. जातीचा टिकाऊपणा या निराळेपणावर उभा असतो. तेव्हा बी पेरणारा माणूस नकळत एक लहानसा विमा उतरवत असतो.

पण या विम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कुंडीने सडा वाचत नाही. आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, उदाहरण पाहा. तिच्या एका शेंगेत धुळीसारखे लक्षावधी बी असते. पण बियात शिदोरी जवळजवळ नसते. योग्य कवक भेटले, त्याने अन्न पुरवले, तरच ते रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच तरुण शास्त्रज्ञाने १८९९ साली हे कोडे प्रथम उलगडले. १९२२ साली अमेरिकेत नडसनने साखर व क्षार घातलेल्या पोषकावर, कवकाशिवाय, आमरीचे बी रुजवून दाखवले. पण ते प्रयोगशाळेतले काम. आमरीला तिचे कवक हवे, कंदिलाला त्याची माशी हवी, आणि या सगळ्यांना तो बोटभर मातीचा कातळ हवा. तो कातळ मोटारींच्या चाकांखाली किंवा खाणीत गेला, तर आपल्या कुंडीतले फूल अनाथ होते. म्हणून कुंडीचा खरा उपयोग असा की, ती माणसाला सड्याची किंमत शिकवते. ज्याने एक कंदीलपुष्प तीन वर्षे वाट पाहून फुलवले आहे, तो मसाईच्या पठारावर पाऊल टाकताना खाली पाहतो.

शेवटी एका झाडाचे नाव घ्यावयाचे राहिले: कारवी. ती साधारणपणे सात-आठ वर्षांनी एकदाच, पण डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे करीत फुलते, बी धरते आणि मरते. कारवीचे बी आज पेरले, तर मधल्या सगळ्या पावसाळ्यांत नुसता पाला पाहावा लागतो. तरीही उतारवयातली माणसे ती पेरतात. फूल आपल्याला दिसेल का, असे कुणी विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘आपल्याला नाही दिसले, तर शेजाऱ्याला दिसेल.’ बागवानाचा हा हिशेब सावकारी नाही; पण व्यवहाराला फार पक्का आहे. बियांची पुडी बांधून ती दुसऱ्याला देण्याची चाल जगभरच्या बागवानांत याच हिशेबावर टिकली आहे. ज्याने दहा घरी बी दिले, त्याच्या घरचे झाड मेले तरी त्याला अकराव्या वर्षी बी परत मिळते.

वळीव आता फार दूर नाही. ज्यांना करून पाहावेसे वाटेल, त्यांनी एक पसरट कुंडी, पाटीभर मुरूम आणि चिमूटभर तेरड्याचे बी एवढ्याच भांडवलावर आरंभ करावा. पुडीवर नाव आणि तारीख लिहावी. आणि उगवण्याची घाई कुंडीवर सोपवावी. तिला ती नसते.